जांभळ्या खड्यापाशी

हे सावकाश वाचायचं आहे. दोन परिच्छेदांच्या मध्ये थांबावंसं वाटलं तर थांबा. निवांत बसा, श्वास जसा चालला आहे तसा चालू द्या, हात मांडीवर मोकळे ठेवा. डोळे मिटायची गरज नाही. एक लहानशी वस्तू मनासमोर आणायची आहे, आणि एवढ्याशा वस्तूला आपण एरवी देत नाही तितका वेळ तिला द्यायचा आहे.

ती वस्तू म्हणजे एक अंगठी. चांदीची. तिच्या कोंदणात जांभळा खडा आहे आणि खड्यावर अरबी अक्षरं कोरलेली आहेत. आज ती स्टॉकहोमच्या स्वीडिश इतिहास संग्रहालयात आहे. ती सापडली बिर्का इथे. स्टॉकहोमला लागून मेलारेन नावाचं विस्तीर्ण सरोवर पसरलं आहे. शहरापासून पश्चिमेला साधारण ३० किलोमीटरवर त्यातलं एक बेट आहे, ब्यॉर्को. आठव्या शतकाच्या मध्यापासून पुढची दोनशेहून अधिक वर्षं त्या बेटावर बिर्का हे व्यापारी गाव नांदत होतं. तो व्हायकिंगांचा काळ. एकोणिसाव्या शतकात याल्मार स्टोल्पे हा कीटकांचा अभ्यासक तिथे आला तो अंबरात, म्हणजे दगड झालेल्या राळेत, अडकलेले प्राचीन किडे शोधायला. त्याला माणसं सापडली. पुढची कित्येक वर्षं तो तिथे खणत राहिला आणि त्यानं सुमारे ११०० कबरी उघडल्या.

त्यातल्या एका कबरीत लाकडी पेटी होती. इ. स. ८५० च्या आसपासची. पेटीत वस्त्राला लावायच्या पिना होत्या, दागिने होते, कपड्यांचे अवशेष होते आणि ही अंगठी होती. देह पुरता मातीत मिसळून गेला होता, हाडंसुद्धा उरली नव्हती. वस्तू ज्या जागी पडल्या होत्या त्यावरून कळलं, की इथे एक स्त्री निजवलेली होती.

इथे थोडं थांबा. शरीर गेलं आणि शरीरावर ल्यायलेलं उरलं, एवढंच मनात असू द्या. दुःख करायला नको, अर्थही लावायला नको.

आता बाकी सगळं बाजूला ठेवा आणि फक्त खड्याचा रंग पाहा. जांभळा. हा खडा अॅमेथिस्ट आहे, अशी फार वर्षं समजूत होती. मग स्वीडनमधल्या संशोधकांनी ही अंगठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. त्यांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. अशा यंत्रात इलेक्ट्रॉनांचा झोत वस्तूवर पडतो, तिच्यातलं प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ओळखीचे क्ष-किरण सोडतं, आणि वस्तूवर ओरखडाही न उठता ती कशाची बनली आहे ते कळतं. खडा निघाला रंगीत काचेचा.

हे वाचताना मनात काय झालं, ते पाहा. क्षणभर अंगठीची किंमत उतरली का? ‘अरेरे, काचच की’ असं कुणी आत म्हणालं का? म्हणालं असेल तर त्याला गप्प करू नका. तो आवाज आपल्या काळाचा आहे. काच आपल्याला खिडकीत, बाटलीत, बरणीत भेटते. फुटली तर आपण ती केरात टाकतो. पण ही किंमत आपण ठरवलेली आहे, आणि आपण या अंगठीपर्यंत साडेअकराशेहून अधिक वर्षं उशिरा पोहोचलो आहोत.

त्या काळाचा एक साक्षीदार सोबत घेऊ या. इब्न फदलान बगदादहून ९२१ साली निघाला, खलिफा अल-मुक्तदिरनं पाठवलेल्या शिष्टमंडळातून, आणि ९२२ मध्ये व्होल्गा नदीकाठी बुल्गारांच्या राजाकडे पोहोचला. तिथे त्याला उत्तरेकडून होड्यांनी आलेले व्यापारी दिसले. ते स्कँडिनेव्हियाशी नातं असलेले रूस लोक. त्यांच्या बायकांचं वर्णन त्यानं बारकाईनं केलं आहे. नवऱ्यापाशी दहा हजार दिरहम जमले की बायकोच्या गळ्यात एक कडं चढतं, आणखी दहा हजारांनी दुसरं. पण या लोकांना सगळ्यांत जास्त ओढ कशाची, तर हिरव्या मण्यांची. खाणीतल्या रत्नांची नव्हे. भट्टीत घडलेल्या मण्यांची. एकेका मण्यासाठी ते एकेक दिरहम मोजायचे. पूर्ण चांदीचं नाणं, एका मण्याला! मणी घडवणारे कारागीर उत्तरेतही होते. डेन्मार्कातल्या रीबे गावात रोमन मोझेकचे जुने काचतुकडे लांबून आणून वितळवत आणि त्यांचे मणी करत. कच्ची काच मात्र दूरवरूनच यायची. बिर्कातल्या त्या बाईला खडा काचेचा आहे हे ठाऊक असतं, तरी तिचा चेहरा पडला असता असं मला वाटत नाही.

पुन्हा रंगाकडे या. तो मघाचाच आहे. काच म्हटल्यानं त्यात काही कमी झालं का, ते स्वतःशी नीट तपासून पाहा.

नजर आता खड्यावरून खाली येऊ द्या, चांदीच्या कड्यावर. याच तपासणीत कळलं, की तिच्या धातूत साडेचौऱ्याण्णव टक्के चांदी आहे आणि साडेपाच टक्के तांबं. म्हणजे चोख म्हणावी अशीच. चांदी मऊ असते, थोड्या तांब्यानं तिला टणकपणा येतो. अंगठी ओतीव आहे. साच्यात रस ओतला की साच्याचे भाग जिथे जुळतात तिथे धातूची बारीक कड उभी राहते, इथे-तिथे जास्तीचा पातळ पापुद्राही सुटतो. सोनार तो कानशीनं घासून काढतो. या अंगठीवर त्या कानशीचे ओरखडे अजून आहेत.

संशोधनात मला सगळ्यांत मोलाची वाटते ती ही गोष्ट. बोटात वर्षानुवर्षं वागवलेली अंगठी आपोआप गुळगुळीत होते. कातडीला घासते, पाणी, राख, दोरखंड, पीठ, सगळ्यांतून जाते आणि घडणाऱ्याच्या खुणा हळूहळू पुसल्या जातात. इथे त्या पुसल्या गेल्या नाहीत. म्हणजे अंगठी फारशी वापरलीच गेली नव्हती. ती ज्यानं घडवली त्याच्यापासून ते ज्या बाईबरोबर पुरली गेली तिच्यापर्यंत मधे फार थोडे हात लागले असावेत, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. इस्लामी जगात कुठेतरी एक सोनार, सरोवरातल्या बेटावर एक बाई, आणि मधे जवळजवळ कुणी नाही. स्कँडिनेव्हियात उत्खननातून मिळालेली अरबी अक्षरांची ही एकच अंगठी आहे.

त्या ओरखड्यांपाशी बराच वेळ थांबा. डोळ्यांसमोर एक हात आणा. दुसऱ्या हाताच्या चिमटीत अंगठी धरलेली आहे, आणि हा हात पुढे-मागे, पुढे-मागे चालला आहे. फार वेळाचं काम नाही ते. चांदीचा कीस खाली पडतो आहे. तो नंतर गोळा होईल, पुन्हा मुशीत जाईल. कारागीर कामात आहे, कदाचित दुसऱ्याच कशाचा तरी विचार करतो आहे. आपल्या या चार हातांची खूण कुठल्या मातीत जाऊन टिकणार आहे, याची त्याला काही कल्पना नाही. श्वास आत येताना तो हात पुढे जातो आहे, बाहेर जाताना मागे येतो आहे, असं काही वेळ राहू द्या. त्याचं नाव आपल्याला लागत नाही. त्याची हालचाल आपल्यापाशी आहे.

आता अक्षरं. वाट पाहायला लावलं, ते मुद्दाम. अक्षर दिसलं की आपण वाचायला धावतो, आणि वाचलं की पाहणं थांबतं. म्हणून आधी नुसत्या रेघा पाहा. लिपी कूफी आहे. या लिपीत उभ्या-आडव्या रेघा ठाशीव असतात, वळणं कमी, आणि जुन्या लिखाणात नुक्ते बहुधा नसतातच. संशोधकांनी या रेघांचं वाचन ‘ईश्वरासाठी’ किंवा ‘ईश्वराला’ या अर्थाचं केलं आहे. वेगळं वाचन शक्य आहे, आणि काळाच्या ओघात मूळ अक्षरांचं रूप बदललंही असेल, हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवलं आहे. वाचनाचा दावा करताना हा दरवाजा उघडा ठेवणाऱ्यांविषयी मला मनापासून आदर वाटतो.

पण बिर्कात हे कोण वाचणार होतं? त्या बाईच्या भोवतीची लिपी रून होती. तिच्या काळी अवघी १६ अक्षरं, लाकडावर आणि दगडावर कोरायची. आन्सगार हा ख्रिस्ती धर्मप्रसारक ८२९ च्या सुमारास बिर्काला आला होता आणि ८५२ च्या सुमारास पुन्हा आला, म्हणजे लॅटिन अक्षरंही त्या गावानं पाहिली होती. कोरलेलं अक्षर म्हणजे काही बळ आहे, साधी नक्षी नव्हे, हे तिथल्या माणसाला कुणी शिकवायला नको होतं.

तिला ही अक्षरं वाचता येत नसतील, तर ती तिच्यासाठी मुकी होती असं मी तरी म्हणणार नाही. आपल्याकडे लग्नात आलेल्या पितळेच्या आणि तांब्याच्या भांड्यांवर ठिपक्यांनी नाव घालायची रीत होती. शाळेचं तोंड न पाहिलेल्या कितीतरी बायका कार्यघरात एकात एक मिसळलेल्या डझनभर तांब्यांमधून आपला तांब्या नेमका उचलत. नाव वाचून नव्हे. त्या ठिपक्यांच्या रेघेची चण त्यांच्या डोळ्यांत बसलेली असे. अक्षराशी नातं जोडायला वाचता यावंच लागतं असं नाही. न वाचलेल्या अक्षराकडे तुम्हीही कधी असं पाहिलं असेल. तसंच आत्ता या काचेवरच्या रेघांकडे पाहा, अर्थ बाजूला ठेवून.

माणसं, आणि त्यांच्याबरोबर अक्षरं, त्या काळी किती फिरत होती, याचा थोडा अंदाज आपल्या किनाऱ्यावरूनही येतो. अंगठी पुरली गेल्यावर साठ-सत्तर वर्षांनी, इ. स. ९१६ च्या सुमारास, अल-मसूदी हा बगदादचा प्रवासी आपल्या चौलला आला. तेव्हा कोकणावर शिलाहारांची सत्ता होती आणि त्यांच्यावर राष्ट्रकूटांची. सिराफ, ओमान, बसरा आणि बगदादहून आलेले सुमारे दहा हजार मुसलमान त्या बंदरात राहत होते, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. डहाणूजवळच्या चिंचणी गावी सापडलेल्या ९२६ सालच्या ताम्रपटात तर राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या वतीनं संजान प्रदेश सांभाळणारा अधिकारीच ताजिक, म्हणजे अरब आहे. संस्कृत मजकुरात त्याचं नाव ‘मधुमती’ असं येतं आणि तो देवीच्या मठिकेला दान देतो. मसूदी चौलला, इब्न फदलान व्होल्गाकाठी आणि हा ताम्रपट संजानात, हे सगळं दहाएक वर्षांतलं. इतिहासात अशा जुळण्या दिसल्या की मी अंमळ रेंगाळतो. तुम्ही नाही रेंगाळलात तरी चालेल. परत बेटावर या.

आता एक अवघड गोष्ट मनात घ्यायची आहे. अंग कुठे आखडलं असेल तर सैल करा, आणि मग घ्या.

बगदादकडची चांदी उत्तरेला गेली कशाच्या बदल्यात? इब्न खुर्दादबिह या नवव्या शतकातल्या लेखकानं रूस व्यापाऱ्यांचा माल सांगितला आहे: बीव्हरची कातडी, काळ्या कोल्ह्यांची कातडी, तलवारी. तो हेही सांगतो, की हे व्यापारी कधी कधी उंटांवर माल लादून थेट बगदादपर्यंत येत आणि तिथले गुलाम त्यांचे दुभाषे होत. इब्न फदलाननं व्होल्गाकाठी पाहिलेल्या मालात कातड्यांबरोबर माणसंही होती, विकायला आणलेल्या मुली. त्या व्यापाऱ्यांच्या एका सरदाराच्या अंत्यविधीत त्याच्या नौकेवर एका दासीला ठार मारलं गेलं, तेही त्यानं जवळ उभं राहून पाहिलं आणि लिहिलं.

ही एक अंगठी कशाच्या मोबदल्यात आली, ते तिच्यावर लिहिलेलं नाही. पण ती ज्या वाटेनं आली त्या वाटेवर माणसं विकली जात होती. हे कळल्यावर जांभळा रंग मघाइतका निवांत राहत नाही. तो तसा राहू नये. सुंदर वस्तूकडे पाहताना हा भाग वगळायची फार सवय असते आपल्याला. आज वगळू नका. त्या मुलींपैकी एकीचंही नाव कुणी लिहिलं नाही. तिच्यासाठी काही श्वास द्या, तुम्हाला हवे तितके.

इथपर्यंत येताना मनानं गोष्टी रचायला सुरुवात केली असेल. ती बाई व्यापाऱ्याची बायको होती, नवऱ्यानं लांबून ही भेट आणली. किंवा ती स्वतःच व्यापार करायची, व्होल्गाकाठच्या बाजारात तिनं स्वतः ही अंगठी निवडली. किंवा ती तिकडचीच होती आणि उत्तरेत येऊन वारली. तिन्ही गोष्टी शक्य आहेत, आणि आपण त्यातल्या एकीवर जीव लावतो. तुमचा जीव कुठल्या गोष्टीवर बसला, ते पाहा. ती निवड तुमच्याविषयी सांगते.

विद्वानांनाही हे चुकत नाही. अंगठीच्या अभ्यासानंतर दोन वर्षांनी, २०१७ मध्ये, स्वीडनमधल्या जुन्या कबरींतल्या कापडाच्या पट्टीवर अल्लाहचं नाव विणलेलं आहे, असा दावा झाला आणि जगभरच्या वर्तमानपत्रांनी तो उचलला. मग इस्लामी कलेच्या एका अभ्यासक प्राध्यापिकेनं दाखवून दिलं, की ज्या चौकोनी कूफी वळणात ते नाव वाचलं जात होतं ते वळण त्या कापडाहून सुमारे पाचशे वर्षं नंतरचं आहे. ज्यांना जग जुन्या काळापासून एकमेकांत मिसळलेलं हवं होतं ते हिरमुसले, ज्यांना ते नको होतं त्यांना आनंद झाला. दोघांनाही कापड दिसत नव्हतं. मला स्वतःला जग मिसळलेलं आवडतं. म्हणून तर या अंगठीपाशी मला जास्त सांभाळून बसावं लागतं. मिसळणीचा पुरावा हवा असेल तर तो अंगठीवर लादायला नको, दुसरीकडे भरपूर पडला आहे. याच संग्रहालयात मेलारेनमधल्याच हेल्गो बेटावर सापडलेली एक छोटी कांस्य बुद्धमूर्ती आहे, भारतीय उपखंडाच्या वायव्येला घडलेली. गोटलंड बेटाच्या जमिनीतून हजारो हजार दिरहम वर आले आहेत.

त्या दिरहमांकडे शेवटी वळू या, कारण त्यांच्यावरून अंगठीचं आणखी काही कळतं. उत्तरेत ही नाणी मोजून चालत नव्हती, तोलून चालत होती. बिर्काच्या कबरींत छोटे घडीचे तराजू आणि वजनं मिळाली आहेत. तराजूत चांदी कमी भरली की नाणं कापायचे, हवं तेवढा तुकडा टाकायचे. कडी, पिना, साखळ्या, सगळ्यांचे तुकडे पडत. कितीतरी दागिने असेच कापले गेले, वितळले, नवे झाले. खलिफाचं नाव असलेलं नाणंही मधोमध कापलं जाई, आणि त्यात कुणाला अवमान वाटत नसे. ती चांदी होती.

अशा गावात चोख चांदीची एक अंगठी, जवळजवळ नवी, तराजूपर्यंत गेली नाही. तिची मालकीण वारली. घरातल्यांनी किंवा शेजारणींनी तिला कपडे घातले, पिना लावल्या, मणी घातले. पेटी बंद व्हायच्या आधी ही अंगठी कुणाच्या तरी हातात आली असणार. तिच्या वजनाला बाजारात किंमत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या चांदीत धान्य आलं असतं, मीठ आलं असतं. ज्याच्या किंवा जिच्या हातात ती होती त्या माणसाच्या जागी स्वतःला बसवा. तळहात उघडा. चांदीच्या त्या भाराची कल्पना करा. खड्यावरच्या रेघा तुम्हाला वाचता येत नाहीत. मेलेल्या बाईला ही अंगठी आवडायची, की ती तिला नुकतीच मिळाली होती, हे तुम्हाला माहीत आहे, आम्हाला नाही. ठेवायची की काढून घ्यायची, हे तुम्हालाच ठरवायचं आहे, आणि बाहेर लोक वाट पाहत आहेत.

तिथल्या माणसानं ती ठेवली.